काचेवरचं नाव

शाकीबनं भिंतीला भोक पाडलं, तेव्हा सत्यवतीबाई ओसरीवर झेंडूच्या माळा ओवत बसल्या होत्या. विटेची भुकटी उडून फुलांवर बसली. त्यांनी ती फुंकली, सुईत पुढचं फूल घेतलं.

दर्यापूरच्या कडेला किसनरावांचा मळा आहे. चारी बाजूंनी कपाशी आणि सोयाबीन, आणि मधे हा पिवळ्या-नारिंगी फुलांचा तुकडा. कापसाला भाव नसला, तुरीला पाणी नसलं, तरी देवाला आणि मयताला फूल लागतंच, असं किसनराव म्हणत. अलीकडच्या वर्षांत तालुक्यात यातल्या दुसऱ्या कामाला फुलं जरा जास्तच जात होती. एवढं वाक्य ते मोठ्यानं बोलत नसत.

घरात इंटरनेट आलं ते नातवासाठी. लेक प्रतीक्षा अमरावतीला दिलेली. तिच्या बाळाचं तोंड मोबाइलवर दिसे खरं, पण या घरात रेंज अशी, की हसायला लागलेलं बाळ तसंच उघड्या तोंडानं थांबून राही आणि रडणं मात्र पूर्ण ऐकू येई. शेवटी प्रतीक्षानंच कंपनीत नाव नोंदवलं. तार आली, पांढरा डबा आला आणि डब्यासोबत एक फोनही आला. पूर्वीच्या फोनसारखाच, फक्त त्याला वर बोटभर काच होती.

“काकू, फोनचं नाव काय टाकू?” शाकीबनं विचारलं. त्याच्या हातात मोबाइल होता, कानामागे पेन्सिल.

“फोनले बी नाव लागते?”

“लागते ना. तुमी फोन लावला का समोरच्याच्या काचेवर नाव येते, कोन बोलून राहिलं ते. पन समोर आपल्याच कंपनीचा फोन पाह्यजे. बाकीच्याले नुसता नंबर दिसंन. काकांचंच टाकून देतो.”

“थांब.”

शाकीबचा अंगठा थांबला. सत्यवतीबाईंनी सुई माळेत खोचून ठेवली.

“अकोल्याले जीवन हाय, माह्या भावाचा पोरगा. त्यानं बी हाच डबा लावला म्हने. तिथं दिसंन?”

“कंपनी एकच, मंग कावून नाई दिसनार?”

“अन नाव कोनाचं बी टाकता येते?”

“घरातल्या मानसाचं. मांजरीचं नोका सांगू.”

“मंग मैना टाक.”

शाकीबनं वर आढ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. पिंजरा कुठं दिसला नाही.

“मैना कोन हाय काकू?”

“हाय घरात एक.”

नाव पक्कं करायला कंपनीनं एक आकडा पाठवला. तो किसनरावांच्या मोबाइलवर आला, कारण सगळं त्यांच्या नावानं होतं. किसनराव वावरात पाणी देत होते. मोबाइल फळीवर चार्जिंगला लावलेला होता. सत्यवतीबाईंनी चष्मा पुसला आणि एकेक आकडा वाचून दाखवला. शाकीबनं तो दाबला.

“झालं,” तो म्हणाला. “आता मैनाबाई बोलतीन.”

त्याला चहा झाला, दोन गुलाब झाले. फुलं त्यानं खिशाला न लावता पिशवीत ठेवली. घरी बायको यास्मीन वाट पाहते, म्हणाला.

*

लग्नात नवरी मांडवातून घरात येते, तेव्हा ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा बोटानं त्यात तिचं नवं नाव काढतो. किसनरावांनी ‘सत्यवती’ काढलं होतं. त्यांच्या आत्यानं सुचवलेलं. बोटाला हळद होती, म्हणून अक्षरं पिवळी उमटली. बायांनी ती वाचली, पेढे वाटले, आणि त्या तांदळाची दुसऱ्या दिवशी खीर झाली. मैना हे नाव कुणी पुसलं नाही, कारण ते कुठं लिहिलेलंच नव्हतं.

दर्यापूरच्या उंबऱ्याआत ते कुणी घेतलंही नाही. भाऊ डोमाजी भाऊबीजेला येत, तेही इथं तिला ‘बाई’ म्हणत. बहिणीच्या सासरी जुनं नाव घेतलं की सासरचं नाव खोटं पडतं, अशी त्यांच्याकडची समजूत. मैना ती अकोल्याच्या बाजूला. बस मूर्तिजापूर ओलांडून पुढं गेली की तिचं नाव बदले. फुलं ओवताना त्या कधी गुणगुणत, त्यात हे होतं:

‘पाट मांडला सासरी, तांदयात नाव नवं,
जुनं नाव भाऊराया, तुह्याजोळ जपून ठेवं.’

भावानं ते जपलं होतं. पण भाऊ बोलत नव्हता.

कारण प्रतीक्षाच्या लग्नातलं. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या मागं मामा उभा राहतो. तेवढी जागा त्याची. बाप हजर असला तरी तिथं बापाला उभं राहता येत नाही. डोमाजींची जीप सकाळीच अकोल्याहून निघाली होती. ते बोंडअळीचं वर्ष. मूर्तिजापूरच्या अलीकडं शेतकऱ्यांनी रस्ता अडवला होता, बोंडं उघडून डांबरावर ओतली होती. प्रत्येक बोंडात अळीनं केलेलं काळं घर. डोमाजींची स्वतःची कपाशीही तशीच गेलेली. जीप थांबली, ते खाली उतरले. उतरले ते त्या लोकांत बसले.

इकडे भटजी घड्याळ दाखवू लागले. किसनरावांनी थोडं थांबवलं, मग आणखी थोडं. मग आपल्या बहिणीच्या, म्हणजे ललिताच्या पोराला हाताला धरून नवरीमागं उभं केलं. शेवटच्या अक्षता पडत होत्या तेव्हा डोमाजी मांडवाच्या दारात आले. डोक्याला फेटा, पायाला डांबर. आपल्या जागेवर दुसरा माणूस पाहिला. भाचीसाठी आणलेली साडी बाजेवर ठेवली आणि पाणीही न घेता परत फिरले.

“रस्ता अडवला होता म्हन्ते,” किसनराव त्यानंतर ज्याला त्याला सांगत. “अबे, कोनं अडवला होता? तूच तर बसला होता रस्त्यावर!”

यावर लोक हसत. सत्यवतीबाई हसत नसत, रागावतही नसत. भाऊ रस्त्यावर बसला हे बरोबर होतं. मुहूर्त थांबला नाही हेही बरोबर होतं. दोन बरोबर गोष्टींच्या मधे त्यांचं माहेर अडकलं होतं.

डोमाजींनी घरात एकदाच सांगितलं होतं: ज्या घरानं माही जागा दुसऱ्याले देल्ली, त्या घरचा फोन मी उचलत नाही. त्यांच्या मोबाइलवर दर्यापूरचा पहिला नंबर ‘किसनराव’ असा होता आणि सत्यवतीबाईंचा ‘किसनराव दोन’ असा. दोन्ही वाजून वाजून थांबत. अनोळखी नंबर तर आता कुणीच उचलत नाही. बियाणंवाले, विमावाले, लाखाचं बक्षीस लागलं सांगणारे, सगळे अनोळखी नंबरावरूनच येतात. जीवन निरोप पोचवी, पण आत्याचा विषय निघाला की बाप उठून गोठ्याकडे जाई.

आणि आता प्रतीक्षाच्या बाळाचं जावळ होतं. पुढच्या गुरुवारी, अमरावतीला. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसतं. प्रतीक्षाला सख्खा भाऊ नाही. मामेभाऊ आहे तो जीवन. मांडी त्याची होती. पण बापाला न विचारता तो येणार नव्हता, आणि किसनराव म्हणून बसले होते, “नाई आला तं नाई आला. ललिताचा पोरगा हायेच.”

ललिताचा पोरगा दुसऱ्यांदा मामा झाला, तर मग अकोल्याचा रस्ता कायमचा बंद. हे सत्यवतीबाईंना नक्की कळत होतं. म्हणून त्यांनी काचेवर आपलं जुनं नाव ठेवून घेतलं. दर्यापूरचं घर नको, किसनराव नको. नुसती मैना. तिचा तर भावाशी काही तंटा नव्हता.

नाव ठेवलं, पण फोन लावला नाही.

त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. जाता-येता त्या फोनवरची धूळ पदरानं पुसत. धूळ नव्हतीच. एकदा नंबर अर्ध्यापर्यंत दाबला आणि ठेवून दिला. आजवर भावानं उचलला नाही तो किसनरावांचा फोन होता. मैनेचा फोन त्यानं अजून नाकारला नव्हता. नाव पाहूनही नाही उचलला, तर?

*

मैनेचा पहिला फोन अमरावतीला गेला, तो अब्दुल सत्तारला. सत्तारभाई फुलांचा व्यापारी, त्याच्या दुकानातही हाच डबा. किसनरावांची फुलं पहाटेच्या गाडीनं त्याच्याकडे जात. मोबाइलची बॅटरी उतरली होती, म्हणून किसनरावांनी घरचा फोन उचलला. पहिल्याच घंटीला सत्तारभाईनं घेतला. असं कधी होत नसे.

“जी, बोलिए!” आवाजात साखर होती.

“अरे सत्तारभाई, मी किसनराव.”

पलीकडे हसू फुटलं, मागच्या दोन-तीन माणसांचंही.

“किसनभाऊ, तुमी? काचेवर तं मैना आली होती! अख्खी दुकान उठून उभी राह्यली.”

“कोन मैना?”

“मले काय पुसता? तुमच्या घरून आली. पहिले तुमचा फोन आला का मी चहाले निघून जाव. आता मैनेचा आला का चहा सोडून धावत येईन, इन्शाअल्ला.”

“कंपनीवाल्यानं काई घोळ केला असंन.”

“घोळ करू द्या भाऊ, नाव चांगलं हाय. फुलांच्या धंद्याले शोभते.”

किसनराव हसले. हसतच आत आले.

“आयकलं का? त्या शाकीबनं कोन्या मैनेचं नाव टाकलं आपल्या फोनवर. तिकडे सत्तार हसून राहिला. कोनाची मैना, कोनाच्या गयात!”

सत्यवतीबाई चुलीपाशी भाकर थापत होत्या. हात थांबला नाही. भाकर थोडी एका बाजूला जाड झाली, एवढंच.

“आठवत नाई?” त्यांनी विचारलं.

“काय आठवाचं?”

“काई नाई.”

किसनरावांनी शाकीबला मोबाइल लावला. “काहून रे, फोनले कोनाचं नाव टाकलं तू? बदल ते. माहं टाक.”

“काकूंनीच सांगतलं काका,” शाकीब म्हणाला. “मी तं तुमचंच टाकत होतो. बदलाचं म्हनसान तं बदलतो, पन आता सोमवारीच होईन. त्या दिवशी एक आकडा येईन तुमच्या मोबाइलवर, तो सांगा म्हंजे झालं.”

किसनरावांनी मोबाइल ठेवला. चुलीपर्यंत आले. तिथंच उभे राहिले.

“तू सांगतलं?”

“हो.”

“काहून?”

“माहं नाव हाय ते.”

तव्यावरची भाकर फुगली. त्यांनी ती उलटली. किसनराव ओसरीवर जाऊन बसले आणि बऱ्याच वेळानं त्यांनी आपल्या उजव्या हाताचं बोट वळवून पाहिलं, जसं काही त्याला अजून हळद असेल.

जेवताना ते म्हणाले, “अकोल्यासाठी ठेवलं?”

“हो.”

“लावला?”

“नाई.”

“मंग ठेवून काय उपेग?”

सत्यवतीबाईंचं वाढणं झालं होतं. त्यांनी आपलं ताट पुढं ओढलं. “तुमाले नाई समजनार,” म्हणाल्या. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांनी फारदा वापरलं नव्हतं, त्यामुळं ते नवंकोरं होतं.

*

सोमवारी नाव बदलणार, म्हणून रविवार उरला.

दुपारी मळ्यात कुणी नव्हतं. फुलांवर मधमाश्या होत्या, वारा नव्हता. सत्यवतीबाईंनी हातपाय धुतले, लुगडं बदललं. फोन करायला लुगडं बदललं हे किसनरावांनी पाहिलं, आणि ते कुदळ घेऊन बाहेर गेले. बाहेर म्हणजे खिडकीखाली. तिथं खणायचं काही नव्हतं.

जीवनच्या घरचा नंबर प्रतीक्षानं कॅलेंडरच्या मागं लिहून दिला होता. त्यांनी तो दाबला. पलीकडे घंटी वाजू लागली. अकोल्याच्या त्या खोलीत फोन कुठं ठेवला असेल, याचा त्यांनी अंदाज केला. आईची कणगी होती त्या कोपऱ्यात असेल. तिथं कोनाडा आहे. पूर्वी तिथं दिवा असायचा.

घंटी वाजली. वाजत राहिली. मग एक बाई आली आणि आपण ज्यांना फोन केला आहे ते उत्तर देत नाहीत, असं शुद्ध मराठीत सांगून गेली.

सत्यवतीबाईंनी फोन जागेवर ठेवला. रडल्या नाहीत. टोपलीतली फुलं पुढं ओढली आणि ओवायला बसल्या. झेंडू, झेंडू, मधे एक पान. खिडकीखालची कुदळ थांबली होती.

माळ वीतभर झाली असेल, आणि फोन वाजला. काचेवर ‘जीवन’ असं होतं.

“जीवन?”

“जीवन नाई वो बाई, मी.” आवाज पार्बताबाईंचा, वहिनीचा. दबका, जसं काही कुणी झोपलं आहे. “तुमीच लावला होता नं?”

“हो वहिनी.”

“ते इथंच बसले होते, फोनपाशी. वाजला तं मी म्हटलं, उचला. हात पुढं नेला त्यायनं. मंग काचेवर पाह्यलं अन हात तसाच राह्यला. मी म्हन्ते उचला, उचला, बंद होईन. नाई उचलला.”

“बरं,” सत्यवतीबाई म्हणाल्या.

“आयकून तं घ्या,” पार्बताबाई म्हणाल्या. “बंद झाल्यावर मी लागली त्यायच्यावर चिल्लावाले. म्हटलं, बहीन हाय नं ते, दगड हाय का तुमी? तं मले काय म्हनते, उचललं का ते नाव जाते म्हने. आकडे येते तिथं, किती वेळ बोलला त्याचे. म्हनून नाई उचलला. पाहत बसलो होतो म्हने.”

“पाहत?”

“हो नं माय. कोनं लेहेलं म्हन्ते हे. हे नाव लेहेलेलं मी पहिल्यांदाच पाह्यलं म्हन्ते. आपल्या बाबानं कुठं लेहेलंच नाई.” त्यांना मधेच हसू आलं. “आता गुपचूप बसले हाय. मले म्हने, तू लाव, अन सांग का तिले म्हना पुन्हा एक डाव लाव. मी म्हटलं, तुमीच बोला नं, फोन तं चालूच हाय. तं नाई म्हने. इकून लावला तं ते नाव येत नाई म्हने.”

पलीकडून एक खोकला ऐकू आला. तो खोकला ओळखीचा होता. लहानपणी चिंचा चोरून खाल्ल्या की असाच यायचा.

“ठेवते मी,” पार्बताबाई म्हणाल्या. “लावा. अन जरा वाजू द्या. लगेच नाई उचलनार ते.”

सत्यवतीबाईंनी नंबर पुन्हा दाबला. घंटी वाजू लागली. या वेळी त्यांनी कोपऱ्याचा अंदाज केला नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, नावासारख्या. कुणीतरी आपल्याकडं पाहत आहे आणि आपण हलायचं नाही, अशा.

बरंच वाजल्यावर उचलला.

“मैने.”

“दादा.”

अकोल्याच्या त्या काचेवर आता आकडे पळत असणार.

“पोराचं जावय कधी हाय?” डोमाजींनी विचारलं.

“गुरुवारी. अमरावतीले. मांडी जीवनची हाय, दादा.”

“माहीत हाय मले कोनाची हाय ते.” खोकला. “बुधवारीच धाडतो त्याले. मी बी येतो संग. रस्त्याचा भरोसा नाई.”

“या.”

“अन तुह्या घरच्याले सांग, मुहूर्त काढनाऱ्याले म्हना घड्याय घरी ठेवून ये.”

खिडकीखालून आवाज आला, “अन त्याले सांग, वाटेत कुठं बसू नोको म्हना!”

“कोन बोलून राहिलं?” डोमाजींनी विचारलं.

“कोनी नाई,” सत्यवतीबाई म्हणाल्या. “मळ्यात खोदून राहिले.”

*

सोमवारी सकाळी शाकीबचा फोन आला. किसनराव ओसरीवर फुलांची पोती शिवत होते.

“काका, आकडा आला असंन तुमच्या मोबाइलवर. सांगा, तुमचं नाव टाकून देतो.”

किसनरावांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

“चष्मा सापडून नाई राहिला बावा.”

चष्मा नाकावर होता. सत्यवतीबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी चष्म्याकडं पाहिलं आणि मग सुईत दोरा घालायला मान खाली केली.

“काकूंना द्या, त्या वाचतीन,” शाकीब म्हणाला.

“तुही काकू घरी नाई.”

“मंग लवकर शोधा काका. दहा मिनिटांत आकडा बाद होऊन जाते.”

“होऊ दे,” किसनराव म्हणाले, आणि पोत्याचं तोंड शिवायला लागले.